कपाशीने माना टाकल्या, तर आधी काय पाहाल ?

ऑगस्टचा शेवट आहे असे समजा. वीस-बावीस दिवस पावसाने दडी मारली आहे. कपाशी कमरेला लागली आहे, पाते-फुले भरपूर आहेत, खालच्या फांद्यांवर बोंडे धरली आहेत. एका संध्याकाळी वळवासारखा जोराचा पाऊस येतो, रात्रभर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडते. दुपारी शेतात जाऊन पाहावे तर इथे एक, तिथे दोन अशी झाडे माना टाकून उभी. पाने देठासकट खाली लोंबलेली, जणू कोणी उकळते पाणी ओतले. काल ही झाडे शेतात सर्वांत चांगली होती.

अशा वेळी एक शेतकरी म्हणतो, झाड सुकले म्हणजे पाणी कमी पडले, आणि मोटार सुरू करतो. दुसरा म्हणतो, मर रोग आला, आणि दुकानातून मिळेल ते बुरशीनाशक आणून पानांवर फवारतो. तिसऱ्याला रसशोषक किडी आठवतात. तिघेही खर्च करतात आणि तिघांचेही बहुधा चुकते. पहिल्याचे तर फार चुकते, कारण ज्या झाडाची मुळे पाण्यात गुदमरली आहेत त्यालाच तो आणखी पाणी पाजतो.

लवलेले पान एकच गोष्ट सांगते : पानातून जेवढे पाणी वाफ होऊन जात आहे, तेवढे खालून पोचत नाही. अडचण कुठे आहे हे पान सांगत नाही. जमिनीत पाणीच नसेल, पाणी असून मुळांना श्वास नसेल, मूळ कुजले असेल, खोडातील नळ्या बुजल्या असतील किंवा शेंड्यात अळी शिरली असेल, तरी पान लवतेच. म्हणून पानाकडे पाहून औषध ठरवू नये. चार गोष्टी पाहाव्यात : वेळ, शेतातील जागा, माती आणि मूळ-खोड. याला अर्धा तास लागतो आणि एक विळा पुरतो.

सकाळी पाहा

भर दुपारी कपाशीचे पान थोडे लवणे हा रोग नव्हे. उन्हाच्या वेळी पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या वेगापेक्षा जास्त असतो. ऊन उतरले की झाड भरून येते आणि पहाटेपर्यंत पाने ताठ होतात. तेव्हा दुपारी लवलेल्या पाच-सहा झाडांना चिंधी बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधी तीच झाडे पाहा. पाने ताठ असतील तर तूर्त घाबरण्याचे कारण नाही. मात्र रोज दुपारी लवकर लवू लागली आणि संध्याकाळी उशिरा सावरू लागली, तर पाण्याचा ताण सुरू झाला असे समजावे. सकाळीही पाने लोंबतच असतील, तर पुढची तपासणी त्याच दिवशी करावी. उद्यावर टाकू नये. का, ते पुढे येईलच.

शेतात कोणत्या जागी ?

बांधावर उभे राहून पाहू नका, शेतातून आडवे-उभे फिरा. चढावर किंवा मुरमाड पट्ट्यात आधी झाडे लवली असतील तर तो पाण्याचा ताण. जमीन उथळ असल्याने तिथले पाणी आधी संपते. सखल, चिबड भागात किंवा पाटाच्या शेवटी झाडे लवली असतील तर पाणी साचले आहे. एका जागी पाच-सात झाडांचे वर्तुळ वाळले आणि ते वर्तुळ दर आठवड्याला मोठे होत असेल तर मूळकूज. निरोगी झाडांच्या मधेमधे विखुरलेली, त्यातही सर्वांत जोमदार आणि बोंडांनी लगडलेली झाडे एका-दोन दिवसांत लवली असतील तर आकस्मिक मर. शेजाऱ्याच्या बांधाकडील पट्टाच तेवढा बिघडला असेल तर तणनाशकाचा संशय घ्यावा. आणि ओळीने झाडे गेली असतील, तर त्या ओळीत खत कोणी आणि कसे टाकले हे घरात विचारून घ्यावे. खोडाला चिकटून युरियाची मूठ पडली आणि ओल बेताची असली की मूळ भाजते.

वीतभर खालची माती

वरची माती फसवते. पंधरा मिनिटांच्या सरीने वरची दोन बोटे माती काळीकुट्ट होते आणि खाली मुळांजवळ कोरडे ठणठणीत असते. उलट भारी जमिनीत वर पापुद्रा वाळून भेगा दिसू लागतात आणि वीतभर खाली चिखल असतो. म्हणून लवलेल्या झाडापासून वीतभर अंतरावर वीतभर खोल खड्डा घ्या व तळची माती मुठीत दाबा. गोळा होत नाही, माती भुरभुर सुटते, तर ओल संपली आहे. गोळा होतो आणि टाकल्यावर फुटतो, तर वाफसा आहे, पाण्याची कमतरता नाही. गोळा बोटांना चिकटतो, दाबल्यावर पाणी सुटते, तर मुळांना हवा मिळत नाही.

पाण्याच्या खऱ्या ताणाची आणखी एक खूण आहे. ताणातल्या कपाशीचा शेंडा वाढायचा थांबतो आणि पांढरी फुले झाडाच्या अगदी टोकाजवळ दिसू लागतात. पानांचा रंगही निळसर गर्द होतो. अशा शेताला पाणी द्यावे, पण एका सरीआड हलके द्यावे. बराच काळ तहानलेल्या कपाशीला भारी जमिनीत मोकाट पाणी भरले, तर एक दुखणे जाऊन दुसरे येते. ते दुसरे म्हणजेच आकस्मिक मर.

झाड उपटा, खोड चिरा

एक झाड गेले तर जाऊ द्या, पण हे पाहिल्याशिवाय पैसे खर्चू नका. लवलेले झाड दोन्ही हातांनी धरून ओढा. सहज हाती आले, सोटमुळाची साल कुजून तिचे तंतू झाले आहेत, मूळ पिवळसर व चिकट लागते, बारीक मुळे जमिनीतच राहिली, तर ती मूळकूज. ओढून येत नसेल तर खणून काढा आणि जमिनीलगतच्या खोडापासून मुळापर्यंत विळ्याने उभे चिरा. आतील लाकूड स्वच्छ पांढरे असेल तर नळ्या बुजलेल्या नाहीत. तपकिरी-काळ्या उभ्या रेषा दिसल्या तर फ्युजेरियम बुरशीचा मर रोग.

ही चिरण्याची सवय मला स्वतःच्या चुकीतून लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शिवारफेरीत लवलेली संकरित कपाशी पाहून मी झाड न उपटताच मर रोग असे सांगून टाकले आणि बुरशीनाशकाची आळवणी सांगितली. शेतकऱ्याने त्याच दिवशी औषध आणायला माणूस पाठवला. सोबतच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला नेऊन झाड उपटले, चिरले आणि काही न बोलता हातात दिले. लाकूड मुळ्यासारखे पांढरे होते. फ्युजेरियमचा मर रोग आपल्याकडे मुख्यतः देशी कपाशीवर येतो, अमेरिकन कपाशीवर नाही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. शेतात मात्र आठवले नाही.

ही बाब आपणही ध्यानात ठेवावी. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली. आज महाराष्ट्रात बहुतेक क्षेत्रावर बीटी संकरित वाण आहेत आणि ते जवळजवळ सर्व अमेरिकन कपाशीचे आहेत. त्यामुळे अशा शेतात झाडे अचानक लवली की मर रोगाचा क्रमांक पहिला नव्हे, बराच मागचा आहे. देशी कपाशी असेल तर मात्र खोड चिरून पाहावेच. रेषा दिसल्यास त्या शेतात पुढील काही वर्षे देशी कपाशी घेऊ नये किंवा रोगप्रतिकारक वाण घ्यावा. उभ्या पिकात या रोगावर खात्रीचा इलाज नाही.

आकस्मिक मर

यालाच पॅराविल्ट म्हणतात. हा बुरशीचा, जिवाणूचा वा विषाणूचा रोग नाही, ती झाडाच्या शरीरक्रियेतील विकृती आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर ती पसरत नाही. शेतात दुसऱ्या दिवशी आणखी झाडे लवलेली दिसतात, त्यामुळे पसरल्यासारखे वाटते एवढेच.

मुळे मातीतील हवा घेऊन श्वास करतात आणि त्या बळावर पाणी शोषतात. लांबलेल्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस किंवा भरपूर पाणी झाले की भारी काळ्या जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरतात व हवा निघून जाते. मुळांचे काम मंदावते. त्याच वेळी वर आभाळ मोकळे होऊन ऊन तापले, तर पानांतून पाणी उडणे जोरात चालूच राहते. झाड पाण्यात उभे असून तहानेने लवते. ज्या झाडाला पानांचा पसारा मोठा आणि बोंडांचा भार जास्त, त्याची गरजही मोठी, म्हणून आधी तेच पडते. हवेअभावी झाडात इथिलीन हा वायू जास्त तयार होतो. पाने पिवळी किंवा तांबूस पडून गळणे, पाते आणि लहान बोंडे गळणे, मोठी बोंडे अपक्वच उमलणे हे त्याचेच परिणाम. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ही विकृती क्वचितच दिसते.

येथे वेळेला महत्त्व आहे. पहिली लक्षणे दिसल्यापासून काही तासांत आणि फार तर २४ ते ४८ तासांत उपाय झाला, तर बरीच झाडे सावरतात. पाने वाळून गेल्यावर ओतलेले औषध वाया जाते.

पहिले काम फावड्याचे. सखल भागातून चर काढून साचलेले पाणी शेताबाहेर काढा. ओलीत चालू असेल तर बंद करा. त्यानंतर लवलेल्या झाडांना आळवणी करा. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश (०:०:५०) आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सीक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी १०० मिली द्रावण ओतावे. पंपाचे नोझल काढून टाकले की हे काम सोपे होते. किंवा २०० लिटर पाण्यात १ किलो १३:०:४५ खत, २ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड आणि २५० ग्रॅम कॉपर ऑक्सीक्लोराइड मिसळून याच प्रमाणात द्यावे. दोन्हीपैकी एकच करावे. १० लिटर द्रावणात १०० झाडे होतात. आपल्या शेतात ३०० झाडे लवली असतील तर ३० लिटर द्रावण पुरे. सबंध एकराला आळवणी करण्याची गरज नाही. आळवणीनंतर बुंध्याजवळची माती पायाने हलकी दाबून घ्यावी.

कोबाल्ट क्लोराइड इथिलीन तयार होण्यास अडथळा करते. त्याची फवारणीही सुचवलेली आहे, प्रमाण एक लिटर पाण्याला १० मिलिग्रॅम. म्हणजे २ ग्रॅमला २०० लिटर पाणी. हे प्रमाण फार बारीक आहे. चिमटीने किंवा बाटलीच्या झाकणाने मोजू नका, सोनाराच्या काट्यावर तोलून पुड्या करून ठेवा. रसायन विषारी आहे, हातमोजे घाला आणि पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. आयत्या वेळी तालुक्याला धावण्यात एक दिवस जातो आणि तोच दिवस मोलाचा असतो. ज्यांची जमीन भारी आहे त्यांनी जुलैतच हे साहित्य घरात आणून ठेवावे हे बरे.

वाफसा येताच कोळपणी करा, मातीत हवा खेळू लागते. काही झाडांची वरची पाने गळून जातील, पण मूळ शाबूत असल्याने खालच्या डोळ्यांतून नवीन फूट येते. अशी झाडे उपटण्याची घाई करू नका. त्यांचे उत्पादन कमी येते, पण अगदी शून्य होत नाही.

पुढील हंगामासाठी दोन गोष्टी करता येतात. भारी जमिनीत रुंद वरंबा-सरीवर लागवड करावी, ते जमले नाही तर पीक ३५-४० दिवसांचे असताना शेवटच्या डवरणीवेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडाव्यात. कमी पावसात याच सऱ्या पाणी मुरवतात आणि जास्त पावसात जादा पाणी बाहेर काढतात. दुसरे म्हणजे पावसाचा खंड पंधरा दिवसांवर गेला आणि विहिरीला पाणी असेल, तर झाडे लवण्याची वाट न पाहता संध्याकाळी हलके ओलीत द्यावे. ठिबक असल्यास उत्तमच. झाडाला तहान फार चढू दिली नाही, तर पुढच्या पावसाचा धक्का कमी बसतो.

मूळकुजीबद्दल थोडे

रायझोक्टोनिया बुरशीमुळे होणारी ही कूज उष्ण जमिनीत, पावसाच्या खंडात जास्त दिसते. कुजलेली झाडे उपटून शेताबाहेर नष्ट करावीत. त्या वर्तुळात आणि भोवतालच्या निरोगी झाडांना कॉपर ऑक्सीक्लोराइड २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात आळवणी करावी. कपाशीत मटकीचे आंतरपीक घेतल्यास जमीन झाकली जाऊन तापमान उतरते आणि मूळकूज कमी होते, हा जुना अनुभव आहे. पानांवर फवारणी करून मुळाची कूज थांबत नाही.

पंपाने केलेली चूक

आता अशा एका कारणाकडे वळू ज्याचे खापर बहुतेक वेळा बियाण्यावर फोडले जाते. २,४-डी हे तणनाशक ऊस, मका, ज्वारी यांत वापरतात. कपाशी त्याला इतकी नाजूक आहे की शेजारच्या उसावरून वाऱ्याने आलेला अंश किंवा न धुतलेल्या पंपात राहिलेला अंश पुरेसा होतो. सुरुवातीला देठ पिळवटून पाने खाली झुकतात आणि पाहणाऱ्याला झाड सुकले असे वाटते. पण हाताला पान मऊ लागत नाही, ताठच असते. आठवडाभराने नवी पाने अरुंद, लांबट, बोटांसारखी चिरलेली येतात आणि शिरा एकमेकींना समांतर दिसतात. विषाणू आला म्हणून कीटकनाशकाच्या दोन-दोन फवारण्या केलेली अशी शेते मी पाहिली आहेत. यावर उतारा नाही. बाधित शेंडे खुडावेत, २ टक्के युरियाची फवारणी करावी आणि वाट पाहावी. बाधा हलकी असेल तर पुढची फूट सरळ येते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. तो परवडत नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पंप, नळी, नोझल सर्व दोन-तीनदा धुवावे. आणि शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी आपल्याच पंपाची चौकशी करावी.

फक्त शेंडा लवला तर

सबंध झाड ताठ आहे आणि एखादाच शेंडा वाळून लोंबतो आहे, तर तो शेंडा मोडून चिरा. आत बोगदा आणि विष्ठा दिसली तर ठिपक्याची बोंडअळी आहे. बीटी वाणांवर हे कमी, पण कडेला लावलेल्या बिगर बीटी ओळींवर आणि भेंडीशेजारी दिसते. असे शेंडे अळीसह खुडून नष्ट करावेत.

तुडतुड्यांमुळे पानांच्या कडा पिवळ्या होऊन खाली वळतात, पुढे लाल पडतात. हे वळणे आहे, लवणे नाही. देठ ताठ असतो. लाल्यातही पान लाल होते, पण झाड मान टाकत नाही. या दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ते येथे देत नाही.

कपाशीत तुरीचे तास असतील आणि फुलोऱ्यात तुरीची झाडे वाळू लागली, तर तिथे नियम उलटा. तुरीवर मर रोगाचाच संशय आधी घ्यावा. खोडावर जमिनीपासून वर चढत जाणारा जांभळट पट्टा दिसतो आणि चिरल्यावर आत काळ्या रेषा दिसतात. त्या शेतात पुढे तूर घ्यायची तर बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ किंवा बीडीएन ७११ असा मर प्रतिकारक वाण घ्यावा आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावे.

नमुना कसा आणावा

एवढे करूनही निदान होत नसेल तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना आणावा. अलीकडे पुष्कळ जण मोबाईलवर लवलेल्या पानाचे छायाचित्र पाठवतात. त्यावरून आम्हाला पान लवले आहे एवढेच कळते, आणि ते तर आपल्यालाही दिसलेले असते. एक पूर्ण वाळलेले, एक नुकतेच लवलेले आणि एक निरोगी अशी तीन झाडे मुळांसकट, माती झटकून न टाकता खणून काढावीत. मुळांना ओले गोणपाट गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत, वाटेतच कुजतात. सोबत चिठ्ठीवर लिहावे : वाण व पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार, शेवटचा मोठा पाऊस किंवा ओलीत कोणत्या दिवशी झाले, खत काय, किती व केव्हा दिले, गेल्या महिन्यात काय फवारले आणि तो पंप आधी कशासाठी वापरला होता, झाडे एका जागी गेली की विखुरलेली, आणि पहिले झाड कोणत्या दिवशी लवलेले दिसले.